कोणता आकडा मोजायचा?

खांडबाऱ्याच्या मैदानावर क्रिकेट चालते, कबड्डी चालते, खो-खो चालतो. बेसबॉल मात्र इथे कोणी खेळत नाही, आणि आमच्या वाचकांपैकीही फार थोड्यांनी तो पाहिला असेल. तरीही या महिन्याच्या पानासाठी आम्ही बेसबॉलवरचाच एक सिनेमा निवडला आहे. त्याचे नाव 'मनीबॉल'. त्यात खेळ थोडा आणि हिशेब जास्त आहे, आणि तो हिशेब आपल्या ओळखीचा आहे. कोण कामाचा, कोण बिनकामाचा? कोणावर पैसा लावायचा, कोणाला घरी बसवायचे? पालक म्हणून, शिक्षक म्हणून आपण हेच तर वर्षभर ठरवत असतो.

सिनेमा २०११ सालचा आहे. दिग्दर्शक बेनेट मिलर, मुख्य भूमिका ब्रॅड पिटची. मायकल लुईस या पत्रकाराच्या २००३ साली निघालेल्या पुस्तकावर तो बेतलेला आहे आणि पुस्तकातली हकीकत खरी आहे.

गरीब संघाची गोष्ट

अमेरिकेत ओकलंड नावाचे शहर आहे. तिथल्या 'ऑकलंड अ‍ॅथलेटिक्स' नव्हे, 'ओकलंड अ‍ॅथलेटिक्स' या संघाची ही गोष्ट. (ऑकलंड न्यूझीलंडचे, मुले नकाशात गोंधळतात म्हणून सांगितले.) २००१ चा हंगाम संपला आणि संघाचे तीन मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी उचलून नेले. संघाचा व्यवस्थापक बिली बीन याच्या हाती २००२ साली खेळाडूंच्या पगारासाठी सुमारे ४ कोटी डॉलर होते. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे होते साडेबारा कोटींच्या आसपास. म्हणजे एकाच बाजारात एक गिऱ्हाईक शंभराची नोट घेऊन आलेले आणि दुसरे तीनशे रुपये घेऊन. शंभरवाल्याने तीनशेवाल्यासारखीच खरेदी करायची म्हटली तर पिशवी अर्धीसुद्धा भरणार नाही. त्याने दुसरेच काहीतरी केले पाहिजे.

बीनने जे केले ते असे. ज्या गुणांना बाजारात भाव होता ते सोडून दिले आणि ज्या गुणांना भाव नव्हता, पण जे सामना जिंकून देतात, ते शोधले. शोधायला नजर नाही, आकडे वापरले. सोबतीला अर्थशास्त्र शिकलेला एक तरुण होता. सिनेमात त्याचे नाव पीटर ब्रँड आहे, पण ते पात्र कल्पित आहे. खऱ्या आयुष्यात हे काम पॉल डीपोडेस्टा याने केले.

डोळ्याचा न्याय

सिनेमाच्या सुरुवातीला एक बैठक आहे. टेबलाभोवती संघाचे जुनेजाणते निवडक बसले आहेत. गावोगाव हिंडून खेळाडू हेरणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ते काय बोलतात? एकाचा चेहरा चांगला आहे. दुसऱ्याचा बांधा बघण्यासारखा आहे. तिसऱ्याची मैत्रीण दिसायला बेताची आहे, अर्थात त्याच्यात आत्मविश्वास नसणार! चेंडूशी, फळीशी, धावांशी यांचा काही संबंध नाही, पण निर्णय मात्र पक्के.

हे बघताना हसू येते. मग आपल्याकडची एक बैठक आठवते आणि हसू थांबते. मुलगी बघायला पाहुणे आले आहेत. चहा-नाश्त्याचा ट्रे घेऊन ती येते. रंग, उंची, चालणे, बसणे सगळे डोळ्यांनी तोलले जाते. ती बारावीपर्यंत पहिल्या पाचात होती, घरातल्या आजारी दादीचे औषधपाणी वर्षभर तिने सांभाळले, शिलाई करून तिने स्वतःची फी भरली, हे कोणी विचारत नाही. पाहुणे घरी जाऊन एका वाक्यात निकाल कळवतात. त्या टेबलावरच्या निवडकांत आणि आपल्या या पाहुण्यांत फरक काय?

आम्ही शिक्षकही यातून सुटलेलो नाही. जून महिन्यात नवा वर्ग समोर बसतो. स्वच्छ गणवेश, तेल लावलेले केस, चटकन उत्तर देणारी जीभ, असे मूल आठ दिवसांत 'हुशार' ठरते. घरी मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती किंवा उर्दू बोलणारे आणि शाळेच्या भाषेत वाक्य जुळवायला वेळ लागणारे मूल 'मागे' ठरते. हा डोळ्याचा आणि कानाचा न्याय आहे. त्यात द्वेष नसतो, पण चूक असते. एकदा शिक्का बसला की वर्षभर तोच चालतो.

बिली बीन स्वतः अशा शिक्क्याचा बळी होता. १९८० साली न्यूयॉर्क मेट्स या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. उंच, चपळ, देखणा. हेरणाऱ्यांच्या नजरेत तो भरलेला. मोठ्या विद्यापीठाची वाट सोडून तो पैसे घेऊन खेळात उतरला आणि तिथे त्याचे काही जमले नाही. सिनेमा हे तुकड्यातुकड्यांनी सांगतो. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले त्यांनीच नंतर त्याच्याकडे पाठ फिरवली. आपल्याकडे 'आमचा मुलगा डॉक्टरच होणार' असे पाचवीतच जाहीर झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या पाठीवरचे ओझे ढ ठरलेल्या मुलापेक्षा हलके नसते.

चालत गेलेलाही पोचतोच

आता हिशेब बघू. बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू मारून पहिल्या थांब्यावर पळत जायचे असते. पण गोलंदाजाने चार चेंडू खराब टाकले आणि फलंदाजाने मोह आवरून ते सोडून दिले, तर त्याला पहिला थांबा फुकट मिळतो. तो नुसता चालत जातो. कोणी टाळ्या वाजवत नाही. वर्षानुवर्षे खेळाडूची किंमत ठरायची ती 'किती वेळा फटका मारला' यावर. चालत जाण्याला कोणी विचारत नव्हते.

समजा, दोन खेळाडूंना शंभर-शंभर संधी मिळाल्या. पहिल्याने ३० वेळा फटका मारून थांबा गाठला आणि ३ वेळा तो चालत गेला. दुसऱ्याने २५ वेळाच फटका मारला, पण १४ वेळा संयम ठेवून चालत गेला. लोक पहिल्याला मोठा म्हणतील, कारण ३० हे २५ पेक्षा जास्त. पण थांब्यावर पोचले किती वेळा? पहिला ३३, दुसरा ३९. सामना पोचण्याने जिंकला जातो. दुसरा खेळाडू जास्त उपयोगाचा, आणि बाजारात स्वस्त!

सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवले तर लगेच कळते, कारण गल्लीतल्या क्रिकेटमध्येही हेच घडते. एक मुलगा दोन षटकार मारतो आणि दहा चेंडू वाया घालवतो. दुसरा गुपचूप एकेक धाव काढत राहतो. घरी जाताना सगळे षटकारांच्याच गोष्टी करतात.

हा विचार बीनच्याही आधी बिल जेम्स नावाच्या एका माणसाने मांडला. डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात तो रात्रीचा पहारा करी आणि बेसबॉलचे आकडे मांडत बसे. १९७७ पासून त्याने आपले हिशेब स्वतःच छापून विकायला सुरुवात केली. सुरुवातीला मोठ्या संघांनी त्याकडे लक्ष दिले नाही. आपल्याकडेही अशी माणसे झाली. मुंबईचे आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांनी संगणक नसलेल्या काळात क्रिकेटचे आकडे हाताने लिहून, पडताळून, जपून ठेवले. आज मोबाइलवर एका बोटाने जे दिसते त्याच्या मागे अशा माणसांच्या वह्या आहेत.

बीनने घेतलेल्या खेळाडूंत स्कॉट हॅटेबर्ग होता. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला पूर्वीसारखा चेंडू फेकता येत नव्हता. यष्टिरक्षकासारखी त्याची जुनी जागा गेली होती. पण तो चेंडू सोडण्यात, संयमात पक्का होता. त्याला पूर्वी कधी न खेळलेल्या जागेवर उभे केले. त्याच वर्षी ओकलंडने सलग २० सामने जिंकले. विसावा सामना ४ सप्टेंबर २००२ चा. ओकलंड ११-० ने पुढे होते, मग प्रतिस्पर्ध्यांनी ११-११ अशी बरोबरी केली, आणि शेवटी विजयी फटका मारला तो याच हॅटेबर्गने. हंगाम संपला तेव्हा ओकलंडचे विजय होते १०३ आणि तिप्पट पैसा ओतणाऱ्या यांकीजचेही १०३.

सिनेमा काय सांगत नाही

इथे थोडे थांबायला हवे. सिनेमा ही गोष्ट रंगवून सांगतो आणि रंगवताना काही गोष्टी झाकतो. त्या वर्षी ओकलंडकडे तीन अव्वल गोलंदाज होते. त्यांतल्या बॅरी झिटोला त्या हंगामाचा सर्वोत्तम गोलंदाज म्हणून पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा हा त्यांचाच खेळाडू वर्षाचा सर्वोत्तम ठरला. हे सगळे जुन्या पद्धतीने हेरलेले आणि वाढवलेले खेळाडू. सिनेमात त्यांना जवळजवळ जागाच नाही. सगळे यश आकड्यांचे असे वाटावे म्हणून बहुधा. शिवाय इतके करूनही ओकलंडचा संघ अंतिम विजेता झाला नाही. बाद फेरीत मिनेसोटाच्या संघाने त्याला हरवले. नंतर बॉस्टनच्या श्रीमंत संघाने बीनला मोठ्या रकमेवर बोलावले. तो गेला नाही. बॉस्टनने मात्र बिल जेम्सला सोबत घेतले आणि २००४ साली ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवले.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, आकडा डोळ्याची चूक दाखवतो, पण डोळ्याची जागा घेत नाही. दुसरी, स्वस्तातली युक्ती कळली की श्रीमंतही तीच वापरतो आणि गरिबाने पुन्हा नवा विचार करायचा असतो.

आपल्याकडची गोष्ट

हे सगळे अमेरिकेतले झाले. आपल्या जवळ यायचे तर आयपीएलकडे बघावे लागेल. पहिला हंगाम २००८ चा. आठ संघांत राजस्थान रॉयल्स सर्वांत स्वस्तात विकला गेला, ६ कोटी ७० लाख डॉलरला. मुंबईचा संघ ११ कोटींहून अधिक डॉलरला गेला होता. खेळाडूंच्या लिलावातही राजस्थानने हात आखडता ठेवला. मोठी नावे थोडीच. बडोद्याचा युसूफ पठाण, पाकिस्तानचा सोहेल तन्वीर, गोव्याचा स्वप्निल अस्नोडकर, आणि कर्णधार म्हणून निवृत्त शेन वॉर्न. बहुतेकांनी त्यांना शेवटच्या जागेवर ठेवले होते. अस्नोडकरने ९ सामन्यांत ३११ धावा केल्या, तन्वीरने स्पर्धेत सर्वांत जास्त, २२ बळी घेतले. १ जून २००८ रोजी नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील मैदानावर अंतिम सामन्यात राजस्थानने चेन्नईला हरवले. सामनावीर होता युसूफ. हे यश सगळे आकड्यांचे नव्हते, वॉर्नची माणसे ओळखण्याची हातोटी त्यात मोठी होती. पण ज्याला बाजारात भाव नाही त्यात गुण शोधायचे, ही रीत मनीबॉलचीच.

याच संघाने पुढे जे केले ते आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या उपनगरातला प्रवीण तांबे हा लेगस्पिन गोलंदाज. आधी मध्यमगती गोलंदाजी करायचा, नंतर फिरकीकडे वळला. नोकरी करत कंपन्यांच्या संघातून आणि कांगा लीगमधून वर्षानुवर्षे खेळला. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग मुंबईत भर पावसाळ्यात खेळली जाते. चिखलात, ओल्या गवतावर. रणजी संघाने त्याला कधी घेतले नाही. वय वाढत गेले. आपल्याकडे तिशी ओलांडलेल्या नव्या खेळाडूकडे कोणी बघत नाही. तांबे तर चाळिशी ओलांडून गेला.

७ मे २०१३ रोजी तो राजस्थानकडून आयपीएलमध्ये उतरला तेव्हा ४१ वर्षांचा होता. त्याआधी त्याच्या नावावर प्रथम दर्जाचा एकही सामना नव्हता. राहुल द्रविड कर्णधार होता आणि त्याने या माणसावर विश्वास टाकला. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये तांबेने १२ बळी घेतले, स्पर्धेत सर्वांत जास्त. मग मुंबईला जाग आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला रणजीची टोपी मिळाली. ५ मे २०१४ रोजी कोलकात्याविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली, तीही गमतीची. पहिला बळी वाइड चेंडूवर यष्टिचीत होता. वाइड चेंडू मोजला जात नाही, म्हणून नियमाने मोजलेल्या दोनच चेंडूंत तीन बळी! दुसरा बळी होता युसूफ पठाण, २००८ चा तोच सामनावीर, आता समोरच्या संघात.

तांबेवर २०२२ साली 'कौन प्रवीण तांबे?' हा हिंदी सिनेमा निघाला. त्यात श्रेयस तळपदेने काम केले आहे. मनीबॉल इंग्रजीत आणि परक्या खेळाचा म्हणून जड वाटला तर घरात सगळ्यांनी हा आधी बघावा. दोन्ही सिनेमांचा प्रश्न एकच आहे. तांबेचे बळी वीस वर्षे कुठे ना कुठे लिहिले जातच होते. कांगा लीगच्या, कंपन्यांच्या सामन्यांच्या गुणवह्यांत ते होतेच. पण निवडणाऱ्यांनी वहीतला एकच रकाना बघितला: वय. जो रकाना बघाल तोच माणूस तुम्हाला दिसेल.

१००९ चा धडा

मग आकड्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवावा का? नाही. याचाही दाखला महाराष्ट्रातलाच आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय स्पर्धेच्या एका सामन्यात प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने एकाच डावात नाबाद १००९ धावा काढल्या. जगात कुठेही, कोणत्याही सामन्यात, एका डावात हजार धावा त्याआधी कोणी केलेल्या नव्हत्या. देशभर त्याचा गाजावाजा झाला.

पण संपूर्ण गुणफलक वाचा. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या. समोरच्या संघाचे दोन डाव संपले ३१ आणि ५२ धावांवर. समोर खेळणारी मुले वयाने आणि ताकदीने फार लहान होती. प्रणवचा यात काही दोष नाही. तासन्‌तास उभे राहून खेळणे सोपे नसते, आणि मुलाने आपल्यासमोर जो चेंडू आला तो मारला. दोष मोठ्यांचा. आम्ही मोठ्यांनी १००९ हा आकडा एकटाच उचलला, त्याच्या शेजारचे ३१ आणि ५२ वाचले नाहीत, आणि एका शाळकरी मुलाच्या खांद्यावर साऱ्या देशाच्या अपेक्षा ठेवल्या. पुढे त्याचा खेळ त्या अपेक्षांना पुरा पडला नाही तेव्हा त्याच तोंडांनी हळहळ व्यक्त केली. ३१ आणि ५२ वर बाद झालेल्या मुलांचे काय झाले, हे तर कोणी विचारलेच नाही.

दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण हेच करतो. ९२ टक्के म्हटले की पेढे. ५४ टक्के म्हटले की घरात सुतक. ९२ वाल्याकडे शिकवणी होती का, स्वतंत्र खोली होती का, ५४ वाल्याने दुकान सांभाळून परीक्षा दिली का, हा शेजारचा रकाना कोणी वाचत नाही.

दुकानावरून आठवले. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. ही मुले गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना अवघड हिशेब तोंडी आणि अचूक करतात, पण तीच गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडखळतात. उलट, शाळेत शिकणारी पण बाजार न पाहिलेली मुले कागदावर बरी आणि व्यवहारात कच्ची निघाली. आमच्या वाचकांत भाजी, फळे, कापड, भंगार, बिस्किटांचे दुकान चालवणारी कितीतरी घरे आहेत. साडेसात किलोचे पैसे क्षणात सांगणारा आपला मुलगा गणितात नापास होतो तेव्हा 'याचे डोके चालत नाही' असे म्हणण्याआधी हे जरूर आठवावे. डोके चालते. तोंडी हिशेबापासून कागदावरच्या मांडणीपर्यंतचा पूल कोणीतरी बांधायचा राहिला आहे. तो बांधणे आमचे, शिक्षकांचे काम आहे. आणि हिशेब येतो म्हणून त्याला कायमचे गल्ल्यावर बसवू नये, हे पालकांचे.

शाळेला संघ निवडता येत नाही

मनीबॉलमध्ये एक गोष्ट आम्हाला पटलेली नाही, आणि ती मुलांसोबत सिनेमा बघणाऱ्यांनी जरूर बोलावी. बीन खेळाडूंची अदलाबदल बाजारातल्या मालासारखी करतो. तरुण मदतनिसाला तो शिकवतो की खेळाडूला काढायचे तर लांबण लावू नये, दोन शब्दांत सांगून मोकळे व्हावे. कोणाचे बिऱ्हाड मोडले, कोणाची मुले शाळा सोडून दुसऱ्या गावी गेली, याचा रकाना त्याच्या वहीत नाही. धंद्याच्या खेळात कदाचित असेच चालत असेल.

घरात आणि शाळेत ते चालत नाही. संघाला पंचवीस जण निवडून बाकीच्यांना घरी पाठवता येते. शाळेला जे मूल दारात येईल त्याला घेऊनच खेळायचे असते. आई-बापाला तर पोरांची अदलाबदल करताच येत नाही. म्हणून आपण आकडे ठेवावेत ते कोणाला काढायचे हे ठरवायला नव्हे, कोण कुठे अडले आहे हे ओळखायला.

आमच्या भागातले एक उदाहरण सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातकडे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात. हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची लांब रांग लागते. वर्षाअखेर हिशेब निघतो: निम्मी हजेरी. हा आकडा खरा आहे, पण तो मुलाबद्दल काहीच सांगत नाही, तो उसाच्या हंगामाबद्दल सांगतो. त्याऐवजी दुसरा आकडा काढून बघा. जूनमध्ये हे मूल किती शब्द वाचत होते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत किती वाचू लागले? समजा ते दहावरून साठवर गेले आणि वर्षभर हजर असलेले दुसरे मूल चाळीसवरून सत्तरवर. कोण जास्त वेगाने शिकले? पहिल्या आकड्याने ते मूल 'गळती'च्या यादीत जाते. दुसऱ्या आकड्याने कळते की याला शिकवण्यात आपला एक दिवसही वाया गेलेला नाही. परतल्यावर याच्यासाठी उन्हाळ्यात महिनाभर वर्ग घेतला तर ते पुढे निघून जाईल. मूल तेच, वहीतला रकाना बदलला. एका रकान्याने शाळा सुटते, दुसऱ्याने टिकते.

घरातली वही

शेवटी घरासाठी एक काम सांगतो. त्याला संगणक नको, मोबाइल नको. एक जुनी वही आणि पेन्सिल पुरे.

ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघे शिकत आहेत त्यांनी एक आठवडा दोघांची नोंद ठेवावी. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोण काय करते. पाणी भरणे, भांडी, धाकट्याला सांभाळणे, रोटी लाटणे, दुकानात बसणे, खेळणे, मोबाइल बघणे, अभ्यास. प्रत्येकापुढे वेळ लिहावा. वर मत लिहू नये, फक्त मिनिटे लिहावीत. नोंद शक्यतो अब्बांनी ठेवावी, कारण अम्मीला हे आकडे तोंडपाठ असतात.

आठवड्याच्या शेवटी दोघांच्या अभ्यासाच्या मिनिटांची बेरीज करावी आणि मगच दोघांचे गुण शेजारी ठेवून बघावेत. मुलाला ७० आणि मुलीला ६० गुण असतील, पण मुलाला आठवड्यात चौदा तास मिळाले आणि मुलीला सहा, तर त्या घरात अभ्यासाला अधिक पक्के कोण आहे? 'मुलीचे शिक्षणात लक्ष नाही, आता पुरे' हे वाक्य अनेक घरांत आठवी-नववीनंतर बोलले जाते. ते बोलण्याआधी ही बेरीज करायची, एवढेच आमचे मागणे आहे. कदाचित लक्ष भरपूर असेल, वेळच नसेल. वेळ देणे आपल्या हातात असते. रोजची तासाभराची भांडी भावाने घासली तर आठवड्याला सात तास तिच्या खात्यात जमा होतात. फी लागत नाही, शिकवणी लागत नाही.

सिनेमाविषयी दोन सूचना देऊन थांबतो. मनीबॉल सव्वादोन तासांचा आहे. त्यात मारामारी नाही, पण इंग्रजी शिव्या आहेत आणि नायक तंबाखू चघळत असतो. म्हणून नववीच्या पुढच्या मुलांसोबत, शेजारी बसून बघावा. खेळाचे नियम कळले नाहीत तरी अडत नाही. बघून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: तुला कोणी तोलत असेल, तर त्याने तुझी कोणती गोष्ट मोजावी असे तुला वाटते? उत्तर घाईने मागू नये. आणि जे सांगतील ते त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.